लवचीक कामाचा नोकरदाराला नेमका फायदा काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक इथले नोकरदार हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. विचारणाऱ्यांत आयटीवाले आहेत, नर्स आहेत, बँकेतले आहेत आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या कितीतरी जणी आहेत. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडनिडे शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लवचीक काम म्हणजे वर्क फ्रॉम होमच ना?

नाही. घरून काम हा त्यातला एक प्रकार. कामाची वेळ, जागा, तास किंवा पाळी यांपैकी एखाद्या गोष्टीवर कर्मचाऱ्याचा थोडा तरी ताबा असेल, तर ते लवचीक काम. सकाळी आठ ते अकराच्या मध्ये कधीही या आणि तुमचे तास भरा, ही झाली फ्लेक्सी वेळ. तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर, हे झालं हायब्रिड. आठवड्याचे तास कमी दिवसांत बसवणं, अर्धवेळ काम, दोघांनी एक पद वाटून घेणं, सहकाऱ्याशी पाळी बदलून घेणं हेही यातच येतं.

फ्लेक्सी वेळेची सुरुवात घरून कामाच्या कितीतरी आधी झाली. १९६७ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या ओटोब्रुन इथे एका विमाननिर्मिती कंपनीने ही पद्धत आणली, कारण सगळे एकाच वेळी कामावर येत असल्यामुळे सकाळी रस्ते तुंबायचे. हिंजवडीच्या चौकात रोज अडकणाऱ्याला हे कारण वेगळं समजावून सांगायला नको.

२. कंपनीची जागा वाचते, वीज वाचते. मला काय मिळतं?

सगळ्यात आधी वेळ. बदलापूरहून सीएसएमटीच्या बाजूला कामाला जाणाऱ्याचे घर ते ऑफिस दोन तास सहज जातात. येऊन-जाऊन चार. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं तर आठ तास हातात राहतात, म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस. कंपनीचा एक रुपयाही न जाता माणसाला दर आठवड्याला एक दिवस परत मिळतो. पगारवाढीच्या कोणत्याही पत्रात मी इतकी मोठी गोष्ट पाहिलेली नाही.

दुसरा फायदा जिवाचा, आणि हे वाढवून सांगत नाही. मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात आणि त्यातला मोठा भाग सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांत कोंबलेला असतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचे जीव गेले. ऑफिसच्या वेळा वेगवेगळ्या ठेवण्याची मागणी त्यानंतर पुन्हा जोरात झाली. ८.२० ऐवजी १०.४० ची गाडी पकडता येणं ही चैन नाही, सुरक्षितता आहे.

तिसरा फायदा मोजता येत नाही, पण पत्रांमध्ये तोच सर्वाधिक येतो. आईला डायलिसिसला नेता येतं. मुलाच्या शाळेतल्या सभेला अर्धा दिवस रजा न टाकता जाता येतं. दुपारी तासभर बाहेर जाऊन संध्याकाळी तासभर जास्त बसता येतं आणि त्यासाठी कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही.

३. पैसेही वाचतात का?

वाचतात, पण सगळ्यांचे सारखे नाही. दुचाकी किंवा कारने जाणाऱ्याचं पेट्रोल, पार्किंग आणि बाहेरचा चहा-नाश्ता यात ठळक फरक पडतो. लोकलच्या पासवाल्याची बचत मात्र थोडी असते. आठवड्यातून तीन दिवस जात असाल तरी सुट्ट्या तिकिटांपेक्षा बहुधा पासच स्वस्त पडतो, म्हणून घाईने पास बंद करू नका. उलट बाजूला घरचं वीजबिल, इंटरनेट आणि बरी खुर्ची यांचा खर्च वाढतो. पगारदाराला घरच्या ऑफिसच्या खर्चापोटी वेगळी करवजावट मिळत नाही. त्यामुळे इंटरनेटचं बिल कंपनीकडून घेता येतं का, हे सुरुवातीलाच विचारा. घरभाड्याचं गणित प्रश्न १३ मध्ये आहे.

४. मॅनेजर म्हणतात, 'घरी बसून कोण काम करतं?' दाखवायला काही पुरावा आहे का?

आहे आणि चांगला आहे. सीट्रिप या चिनी पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडच्या हायब्रिडशी जास्त जुळतो तो त्याच कंपनीतला पुढचा प्रयोग, २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं. पुढच्या दोन वर्षांच्या मूल्यांकनात आणि बढत्यांत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले. त्या कंपनीतल्या मॅनेजरांचंही सुरुवातीचं मत प्रतिकूल होतं, अनुभवानंतर ते बदललं. वाद घालण्यापेक्षा एवढी माहिती पुढे ठेवा आणि तीन महिन्यांची चाचणी मागा.

५. डोळ्यांसमोर नसलो तर बढती हुकेल का?

पूर्णवेळ घरून काम करत असाल तर ही भीती खरी आहे. २०१५ च्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी पाहता जितक्या बढत्या मिळायला हव्या होत्या, तितक्या मिळाल्या नाहीत. दोन दिवसांच्या हायब्रिडमध्ये तसं दिसलं नाही. म्हणून ऑफिसचे दिवस नीट निवडा. टीमची बैठक ज्या दिवशी असते आणि मॅनेजर जागेवर असतात, त्या दिवशी जा. शुक्रवारी रिकाम्या मजल्यावर हजेरी लावून काही मिळत नाही. केलेल्या कामाची चार ओळींची मेल दर आठवड्याला पाठवत जा. अप्रेझलच्या वेळी त्याच मेल उपयोगी पडतात.

६. बाळंतपणाची रजा संपतेय. घरून काम मागता येईल का?

मागता येईल आणि त्याला कायद्याचा आधारही आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली (पहिल्या दोन अपत्यांसाठी). त्याच दुरुस्तीत असंही आलं की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करू देता येईल आणि त्याचा कालावधी व अटी मालक आणि कर्मचारी यांनी मिळून ठरवायच्या. ही तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

यातली मेख 'मिळून ठरवायच्या' या शब्दांत आहे. कंपनीवर सक्ती नाही. म्हणून रजेवर जाण्याआधीच विषय काढा. परत येण्याच्या आदल्या आठवड्यात काढलात, तर तुमची बाजू दुबळी पडते. 'पहिले तीन महिने पूर्ण घरून, पुढचे तीन महिने आठवड्याला दोन दिवस ऑफिस' असं ठोस काहीतरी लिहून द्या.

५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा बंधनकारक आहे. घरून काम नाकारलं तर निदान हा हक्क सोडू नका.

७. घरून काम मिळालं, पण आता स्वयंपाक, मुलं, सासऱ्यांची औषधं सगळं माझ्याच गळ्यात आलं. हा फायदा कसला?

हा प्रश्न फक्त बायकांकडून येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत दोघांच्याही वाट्याचं थोडं कमी झालं, मधली दरी होती तेवढीच राहिली. अशा घरात लॅपटॉप आला की 'ती घरीच तर असते' हे वाक्य त्याच्या मागोमाग येतं.

वाचवलेले प्रवासाचे दोन तास कुणाच्या कामात जातात, हे पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना बसवून ठरवा. कामाच्या वेळी दार लावून बसा. दार नसेल तर वेळेचा कागद फ्रिजवर लावा. लावलेली बाई बंद करू नका. नवऱ्याच्या कंपनीतही हायब्रिड असेल तर त्याने त्याचे दिवस तुमच्या ऑफिसच्या दिवशी घ्यावेत. मूल आजारी पडल्यावर ही एकच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी ठरते. लवचीकता एकट्या बाईने घेतली तर घराची गैरसोय तेवढी मिटते, तिचे तास वाढतात. ती दोघांनी घ्यायला हवी, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे.

८. मी हॉस्पिटलात नर्स आहे. आम्हाला लवचीक काम कुठून?

जागा बदलता येत नाही, पण पाळी बदलता येते. ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी मिळणं, आपसात पाळी बदलण्याची रीतसर सोय, सलग नाइटची मर्यादा आणि अडीअडचणीला अर्धी पाळी हे सगळं लवचीक कामच आहे. कारखान्यात, दुकानात, टोलनाक्यावरही हेच मागता येतं.

असं होत नाही म्हणणाऱ्यांना मुंबई पोलिसांचं उदाहरण सांगा. बारा तास आणि त्याहून लांब ड्यूटी हा तिथे शिरस्ता होता. एका पोलीस शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचा आराखडा तयार करून वरिष्ठांपुढे मांडला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला आणि मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात प्रयोग सुरू झाला. पुढे तो इतर ठाण्यांतही नेला. चोवीस तास चालणाऱ्या खात्यात हे घडलं, तेही खालून आलेल्या आराखड्यावर. तुमच्या वॉर्डातल्या चौघीजणी मिळून तक्ता बनवा. तक्रारीपेक्षा तयार तक्ता मेट्रनना लवकर पटतो.

९. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं काय?

२९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बदल्यात रोजची वेळ वाढून सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५ झाली. अत्यावश्यक सेवा त्यातून वगळल्या आहेत.

१०. हे मागण्याचा मला कायदेशीर हक्क आहे का?

सर्वांसाठी असा हक्क भारतात नाही. दोन ठिकाणी आधार मिळतो. एक मातृत्वाचा (प्रश्न ६). दुसरा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी द्याव्यात, असं तो सांगतो. वेळेत किंवा जागेत बदल ही अशीच सोय आहे, असं अर्जात मांडता येतं.

परदेशी असणाऱ्या मराठी वाचकांसाठी: ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो, वर्षात दोनदा, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही.

११. घरून काम म्हणजे रात्री अकरालाही फोन. याला मर्यादा नाही का?

आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर न्यायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले. मर्यादेपलीकडच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना मात्र हे लागू नाही आणि अनेकांना 'मॅनेजर' हे पदनाम का मिळतं, याचं एक कारण इथे सापडतं.

ऑफिसबाहेरच्या वेळेत फोन न घेण्याचा हक्क ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत डिसेंबर २०१८ मध्ये मांडलं, पुढे २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. कायदा झालेला नाही.

प्रकृतीची गोष्ट वेगळी काढून सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. घरून काम करताना तास नकळत वाढतात. रोजची सुरुवात आणि शेवट वहीत टिपत जा.

१२. रोज दहा तास करून चार दिवसांचा आठवडा घेता येईल?

कंपनी तयार असेल तर येईल. चार दहे चाळीस, आठवड्याच्या ४८ तासांत सहज बसतात. दिवसाची दहा तासांची मर्यादा तुमच्या आस्थापनेला लागू आहे का, एवढं एचआरकडून लेखी घ्या, कारण लहान आस्थापनांचे नियम निराळे असतात. पाचव्या दिवशी 'फक्त एक कॉल' सुरू झाला की ही व्यवस्था मोडते, म्हणून सुट्टीचा वारही लिहून घ्या. पाठीचं दुखणं किंवा लहान मूल असेल तर मी दहा तासांचा दिवस सुचवणार नाही.

१३. पुण्याची खोली सोडून साताऱ्याला आईवडिलांकडे राहून काम करतोय. पगारात, एचआरएत फरक पडेल?

पगार शहरावर ठरलेला आहे का, हे ऑफर लेटरमध्ये पाहा. पीएफला जागेशी देणंघेणं नाही. एचआरएची सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे आणि प्रत्यक्ष भाडं भरलं तरच. घर आईवडिलांच्या नावावर असेल आणि तुम्ही त्यांना बँकेतून खरोखर भाडं देत असाल तर चालतं, मात्र त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असाल तर सूट नाही. पुण्याच्या खोलीची जुनी भाडेपावती जोडत राहू नका, ते खोटं विवरण ठरतं. आणि राहण्याचं ठिकाण बदलल्याचं कंपनीला कळवा. लपवलेला पत्ता लॅपटॉप दुरुस्तीच्या दिवशीसुद्धा उघडा पडतो.

१४. कंपनीने दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर टाकलंय. हे चालतं का?

कंपनीच्या लॅपटॉपवर, आधी सांगून केलेलं असेल तर थांबवणं कठीण आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही नोकरीच्या कारणांसाठी कंपनीला बरीच मुभा देतो. म्हणून बँकेचं, घरच्यांचं, डॉक्टरांचं काहीही त्या लॅपटॉपवर उघडू नका. कॅमेरा सतत सुरू ठेवायला सांगत असतील तर कारण लेखी विचारा. दर मिनिटाला हजेरी मोजली जात असेल, तर काम घरी आलं पण लवचीकता आली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१५. घरून काम करताना व्हिडिओ कॉलवर किंवा चॅटवर वरिष्ठ घाणेरडं बोलले तर तक्रार कुठे?

ऑफिसात असतं तिथेच, अंतर्गत समितीकडे. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातली कामाच्या जागेची व्याख्या इतकी व्यापक आहे की तिच्यात घराचाही उल्लेख आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्या, चॅट पुसू नका. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

१६. वेळ वाचतो, मग दुसरं काम धरलं तर?

आधी नेमणुकीचं पत्र वाचा. बहुतेक आयटी कंपन्यांच्या करारात बंदी असते. २०२२ मध्ये विप्रोने अशाच कारणावरून ३०० जणांना काढल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं होतं. त्याच वर्षी स्विगीने काही अटींवर परवानगीचं धोरण आणलं. गाण्याच्या शिकवण्या किंवा शनिवार-रविवारचं भाषांतराचं काम असेल तर मेल करून परवानगी घ्या, पुष्कळदा मिळते.

१७. डिलिव्हरीचं काम करतो. वेळ माझी, म्हणजे हेही लवचीक कामच ना?

अर्धवट. लॉग-इन कधी करायचं हे तुमच्या हातात आहे, पण दर, इन्सेंटिव्ह आणि आयडी बंद करण्याचा अधिकार ॲपकडे आहे. पगारी रजा नाही. या पानावरचे बहुतेक फायदे पगार चालू राहतो म्हणून फायदे आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगारांना मान्यता दिली आहे आणि ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी असं म्हटलं आहे. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

१८. कंपनीने सगळ्यांना पाचही दिवस बोलावलंय. माझ्या पत्रात मात्र हायब्रिड लिहिलंय.

मग तुमची बाजू इतरांपेक्षा भक्कम आहे. अशी बोलावणी टीसीएससारख्या मोठ्या कंपनीनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये केली होती आणि ज्यांच्याकडे फक्त तोंडी शब्द होता, त्यांना बोलायला जागा उरत नाही. पत्रात 'कंपनीच्या धोरणानुसार बदलू शकेल' ही ओळ आहे का ते पाहा. असेल तर जोर कमी होतो. शिवाय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तुम्ही 'कामगार' असाल आणि कामाचे तासच बदलत असतील, तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यायला हवी. ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

थेट नकार देऊ नका. पत्राची प्रत जोडून मेल करा: 'माझ्या नेमणुकीच्या पत्रानुसार आठवड्यातून दोन दिवस घरून काम ठरलेलं आहे. त्याप्रमाणे मी घराची आणि मुलांची व्यवस्था केली आहे. बदल करायचा असल्यास चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.'

१९. मला घरून काम नकोच आहे. आमची डोंबिवलीत एकच खोली आहे. पण कंपनी ऑफिस बंद करतेय.

हे सांगायला संकोचू नका. प्रश्न ४ मधल्या पहिल्या प्रयोगात स्वतःहून घरून काम निवडलेल्यांना नऊ महिन्यांनंतर पुन्हा निवड दिली, तेव्हा निम्म्याहून जास्त जण ऑफिसला परतले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण होतं. ज्याला ऑफिस हवं त्याला ते मिळणं हाही लवचीक कामाचाच भाग आहे. ऑफिसची जागा सोडण्याआधी एचआरला लिहा, जवळच्या को-वर्किंग जागेचं महिन्याचं भाडं किंवा दुसऱ्या शाखेत टेबल मागा. जागेचा करार संपला की ही मागणी मान्य होणं फार अवघड जातं, त्यामुळे मेल याच आठवड्यात पाठवा.